वृक्षांचे समयुग्मी वंश

ज्या झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असतात ते समयुग्मी झाड, आणि त्याच्यापासून चालणारा वंश तो समयुग्मी किंवा शुद्ध वंश. गहू, भात, वाटाण्यात असे वंश सहज मिळतात. वृक्षांत ते फार खटपटीने तयार करावे लागतात. जनुकांचे नकाशे काढणे, एखाद्या गुणाचे मूळ शोधणे आणि संकरासाठी भरवशाचे जनक मिळवणे, यासाठी त्यांचा उपयोग होतो.

कलमांशी त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एकाच सफरचंदाचे डोळे भरून केलेली हजार कलमे एकमेकांसारखी असतात. पण त्यांतल्या प्रत्येकात आईकडून आणि बापाकडून आलेले दोन वेगळे गुणसूत्र-संच असतातच. त्यांच्या बिया पेरल्या की तऱ्हेतऱ्हेची रोपे उगवतात. शुद्ध वंशाचे झाड स्वतःच्या परागाने फळले, तर रोपे त्याच्यासारखीच निघतात.

स्वपरागणाने दर पिढीत विषमयुग्मी, म्हणजे दोन्ही प्रती वेगळ्या असलेल्या, जागा निम्म्या होतात. सात पिढ्यांनंतर त्या एक टक्क्याहूनही कमी उरतात. मक्यात हे सात हंगामांचे काम आहे. बियांपासून वाढवलेले सफरचंद पहिल्यांदा फुलायलाच कित्येक वर्षे घेते, त्यामुळे तिथे संशोधकाची सारी हयातही अपुरी पडते. शिवाय सफरचंद, नासपती यांसारखी झाडे बहुधा स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. स्वीकारला तरी इतके दिवस झाकलेली घातक अप्रभावी जनुके उघडी पडतात आणि रोपे खुरटतात किंवा मरतात.

यावर जवळची वाट म्हणजे एकगुणित रोप, म्हणजेच गुणसूत्रांचा एकच संच असलेले रोप, मिळवणे. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांचे संवर्धन करून एकगुणित भ्रूण मिळवले. अशा रोपातला संच कोल्चिसीन या रसायनाने किंवा आपोआप दुप्पट झाला, की सगळ्या जोड्या एका फटक्यात तंतोतंत सारख्या होतात. सात पिढ्यांचे काम एका पिढीत उरकते.

अनेक वृक्षांचे परागकोश मात्र या पद्धतीला दाद देत नाहीत. तिथे किरणोत्सारित पराग वापरतात. गॅमा किरणांचा मारा झालेला परागकण रुजतो, परागनलिका बीजांडापर्यंत पोचते, पण त्यातले केंद्रक अंडपेशीशी नीट फलन करू शकत नाही. क्वचित एखादी अंडपेशी मग एकटीच भ्रूण बनते. तो बीत सहसा टिकत नाही, म्हणून फळ पिकण्याआधीच काढून संवर्धन-माध्यमावर वाढवावा लागतो. सफरचंदात यासाठी एक फार सुंदर युक्ती योजली गेली: पराग लाल पानांचे प्रभावी जनुक दोन्ही प्रतींत असलेल्या झाडाचा घ्यायचा. रोप लालसर निघाले तर त्यात बापाचा वाटा आला, ते बाजूला काढायचे. हिरवी रोपेच पुढे तपासायची. त्यानंतरही फ्लो सायटोमेट्रीने डीएनएचे प्रमाण मोजावे लागते आणि जनुकीय खुणा पाहाव्या लागतात, कारण गुणसूत्रांची संख्या न घटलेल्या जननपेशीपासून आलेले रोप द्विगुणित असूनही शुद्ध नसते. जी हाती लागतात तीही बरेचदा दुबळी असतात. ती जोमदार खुंटावर बांधून जपतात.

एवढ्या कष्टांचे चीज जीनोम-वाचनात, म्हणजे झाडाच्या सगळ्या डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्यात, झाले. दोन भिन्न संच एकत्र वाचले की तुकडे जुळवताना घोळ होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेला सफरचंदाचा जीनोम नेहमीच्या 'गोल्डन डिलिशस'चा होता. २०१७ साली त्याच जातीपासून काढलेल्या दुप्पट-एकगुणित झाडामुळे १७ गुणसूत्रांचे कितीतरी अखंड चित्र मिळाले. पीचचा २०१३ सालचा जीनोमही 'लोव्हेल' जातीच्या अशाच झाडाचा. क्लेमेंटाइन संत्र्यासाठी २०१४ साली थेट एकगुणित झाडच वापरले गेले.

सूचिपर्णी वृक्षांत निसर्गाने थोडी सोय करून ठेवली आहे. पाइनच्या बीत भ्रूणाला पोसणारी ऊती एकगुणित असते आणि ती फक्त आईकडून आलेली असते. तिच्यापासून वंश चालत नाही, पण एकाच संचाचा निर्भेळ डीएनए मिळतो. लोब्लॉली पाइनचा सुमारे २२ अब्ज अक्षरांचा, मानवी जीनोमच्या जवळजवळ सातपट मोठा जीनोम २०१४ साली मुख्यतः एका बीतल्या या ऊतीवरून जुळवला गेला.