संगणकीय टिपणवही

संगणकीय टिपणवही : वर्गातले व्याख्यान किंवा सभेतले बोलणे चालू असतानाच टिपून घेणे, ती टिपणे जपणे आणि पुढे हवी तेव्हा शोधून काढणे यांसाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. वर्ड प्रोसेसरमध्ये एक मजकूर पूर्ण करून तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. टिपणवहीत मात्र शेकडो अपुरे मजकूर शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचा वाचक बहुतेक वेळा लिहिणाराच असतो. वननोट, एव्हरनोट, ॲपल नोट्स, गूगल कीप, नोशन, ऑब्सिडियन, गुडनोट्स ही यांतील परिचित नावे. रोजचा वापर वाचकांच्या ओळखीचा असल्याने प्रस्तुत नोंदीत उगम, साठवणीची रचना, अध्ययनावरील परिणाम आणि मराठी टिपणांच्या शोधातील अडचणी यांवर भर दिला आहे.

उगम : या साधनांचा पूर्वज कोण, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पहिला व सर्वांत प्रचलित पक्ष व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याकडे बोट दाखवतो. जुलै १९४५ मध्ये ‘द अटलांटिक मंथली’त आलेल्या त्याच्या लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या मेजाची कल्पना होती. पुस्तके, पत्रे आणि टाचणे सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) साठवायची आणि एका मजकुरातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा वापरणाऱ्याने स्वतः बांधायच्या, असे तिचे स्वरूप होते. मेमेक्स प्रत्यक्षात कधीच बांधला गेला नाही.

दुसरा पक्ष कार्डपेट्यांचा. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) याने क्रमांक घातलेल्या आणि एकमेकींना जोडलेल्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमवल्या. त्या आता बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहेत. ऑब्सिडियन, रोम यांसारख्या दुवेप्रधान साधनांचे वापरकर्ते लूमानला आपला मूळ पुरुष मानतात. जर्मनीतील काही अभ्यासकांनी स्वतःसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर सोडली, तर १९८० व १९९० या दशकांतील टिपणसाधनांवर लूमानच्या पद्धतीची छाप दिसत नाही. हे नाते बरेचसे मागाहून जोडलेले वाटते. शिवाय सुट्या चिठ्ठ्यांवर उतारे घेण्याची रीत लूमानच्या फार आधीची आहे. सोळाव्या शतकात झुरिकचा कोनराड गेस्नर ती वापरत होता.

तिसरा पक्ष डग्लस एंगेलबर्ट या अमेरिकी संगणक–संशोधकाचा, आणि पुरावा पाहता तोच अधिक सयुक्तिक दिसतो. बुशचा लेख त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात असताना फिलिपीन्समध्ये वाचला होता. त्यामुळे पहिला आणि तिसरा पक्ष परस्परविरोधी ठरत नाहीत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत त्याने ‘एनएलएस’ (ऑनलाइन सिस्टीम) ही प्रणाली सुमारे दीड तास दाखवली. बाजारहाटाची यादी लिहून तिच्या नोंदी गटांत लावणे, पोटनोंदी मिटवणे व पुन्हा उघडणे, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुराकडे जाणे, मेन्लो पार्कमधील सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करणे हे सारे त्या प्रात्यक्षिकात होते. सभेचे टिपण चार जणांनी मिळून एका पानावर घेण्याची आजची पद्धत थेट येथूनच निघते. बुशकडे कल्पना होती. चालणारे यंत्र एंगेलबर्टकडे होते.

पुढील साखळी त्यामानाने स्पष्ट आहे. डेव्ह वायनर याचे ‘थिंकटँक’ हे ॲपल–२ संगणकावर चालणारे रूपरेषा–साधन (मुद्दे व त्यांखाली पोटमुद्दे मांडणारे सॉफ्टवेअर) १९८३ मध्ये विक्रीस आले. त्याच सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘नोटकार्ड्स’ तयार होत होते. त्यात कार्डे, त्यांचे दुवे आणि दुव्यांचा नकाशा असे तिन्ही होते, मात्र ते महागड्या संशोधन–संगणकांवरच चालत असल्याने घरोघरी पोहोचले नाही. १९८८ च्या ‘लोटस अजेंडा’ने वेगळाच मार्ग धरला. वापरणाऱ्याने वाक्य टाकावे आणि त्यातील नावे, तारखा ओळखून सॉफ्टवेअरने ते योग्य वर्गात लावावे, ही त्यामागची कल्पना. सभेच्या टिपणांतून कामे वेगळी काढणारी आजची साधने याच मार्गाने जातात. अजेंडाचा उल्लेख मात्र त्यांच्या संदर्भात क्वचितच होतो.

लेखणीची शाखा स्वतंत्रपणे वाढली. ॲपलचे ‘न्यूटन’ १९९३ मध्ये आले व १९९८ मध्ये बंद झाले. त्याचे हस्ताक्षर–वाचन सोव्हिएत संघातून आलेल्या स्तेपान पाचिकोव्ह याच्या ‘पॅराग्राफ’ कंपनीचे होते. याच पाचिकोव्हने पुढे एव्हरनोटची स्थापना केली. सुरुवातीच्या एव्हरनोटमध्ये वेगवेगळी पाने नव्हती. सगळी टिपणे एका न संपणाऱ्या कागदी पट्टीवर एकाखाली एक येत. आज जगभर माहीत असलेली एव्हरनोटची इंटरनेट सेवा २००८ मधील. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये पाटीसारख्या संगणकांसाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती काढली. वननोटची घोषणा त्याच महिन्यात झाली आणि २००३ मध्ये ते बाजारात आले. २०१४ पासून वननोट विनामूल्य आहे. आयपॅड प्रोबरोबर २०१५ मध्ये ॲपल पेन्सिल आली आणि विद्यार्थ्यांत हाताने लिहिण्याकडे कल पुन्हा वाढला.

साठवणीची रचना : टिपणे आत कशी साठवली जातात यावर त्यांचे आयुष्य अवलंबून असते, म्हणून हा भाग दिसतो त्याहून महत्त्वाचा. वननोटचे पान म्हणजे मोकळा फलक आहे. त्यावर कोठेही टिचकी मारून मजकुराची चौकट उघडता येते, शेजारी आकृती काढता येते. ध्वनिमुद्रण चालू ठेवले तर प्रत्येक ओळीला तिच्या वेळेची खूण लागते आणि नंतर ती ओळ निवडली की नेमके त्या क्षणीचे बोलणे ऐकू येते. गणिताच्या किंवा न्यायशास्त्राच्या व्याख्यानात एखादी पायरी निसटली, तर तेवढाच भाग परत ऐकण्याची ही सोय अतिशय मोलाची आहे. नोशनमध्ये परिच्छेद, यादी, तक्ता हे सर्व एकसारखे ठोकळे मानले जातात. ऑब्सिडियन (२०२०) टिपणे वापरणाऱ्याच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या धारिका (फाइल) म्हणून ठेवते. ठळक अक्षरे, शीर्षके यांच्या खुणा मार्कडाउन या २००४ मधील चिन्हपद्धतीच्या असतात. त्याही आधी, २००३ मध्ये, कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ईमॅक्स या मजकूर–संपादनाच्या सॉफ्टवेअरसाठी ‘ऑर्ग–मोड’ लिहिला. तोही साध्या मजकुरावर उभा आहे आणि अजून वापरात आहे.

कंपनीच्या सर्व्हरवर राहणारी टिपणे सर्व उपकरणांवर आपोआप दिसतात, पण सेवा बंद झाली किंवा तिचे नियम बदलले की अडचण येते. गूगल नोटबुक २०१२ मध्ये बंद झाले. एव्हरनोट इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीकडे गेल्यावर २०२३ च्या अखेरीस विनामूल्य खात्याला ५० टिपणांची मर्यादा लागली. पदवीच्या तीन वर्षांची टिपणे ठेवायची असतील, तर ती साध्या मजकुरात किंवा निदान पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच सत्रात करून पाहावे.

अध्ययनावरील परिणाम : टिपण घेण्याचे दोन उपयोग डी वेस्टा व ग्रे यांनी १९७२ मध्ये वेगळे करून दाखवले. लिहिताना मजकूर मनात घोळतो हा एक आणि लिहिलेले पुढे उजळणीला मिळते हा दुसरा. संगणकाने दुसरा उपयोग निःसंशय वाढवला. पहिल्याचे काय होते, यावर वाद आहे.

म्युलर व ओपनहायमर यांचा २०१४ चा निबंध या वादात सर्वाधिक उद्धृत होतो. त्यांच्या पहिल्या प्रयोगात लॅपटॉपवर लिहिणाऱ्यांनी सरासरी सुमारे ३१० शब्द टिपले, हाताने लिहिणाऱ्यांनी सुमारे १७३. लॅपटॉपवाल्यांच्या टिपणांत वक्त्याचे शब्द जसेच्या तसे अधिक आले आणि संकल्पनांवरील प्रश्नांत ते मागे पडले. शब्दशः उतरवू नका अशी सूचना दिल्यावरही फारसा फरक पडला नाही. या निबंधाच्या आधारे अनेक शिक्षकांनी वर्गात लॅपटॉप नकोत अशी भूमिका घेतली. परंतु मोरहेड, डनलोस्की व रॉसन (२०१९) यांना तोच परिणाम तितक्या ठामपणे आढळला नाही. हेदर उरी व सहकाऱ्यांनी (२०२१) पहिला प्रयोग तंतोतंत पुन्हा केला. तेव्हा लॅपटॉपवर जास्त शब्द आणि जास्त शब्दशः मजकूर हे निष्कर्ष पुन्हा मिळाले, चाचणीच्या गुणांतील फरक मात्र मिळाला नाही. हाताने लिहिणे श्रेष्ठच, असे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही. शब्दशः लिहिण्याची सवय संगणकाने बळावते, एवढे मान्य करता येते.

याहून पक्का पुरावा दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. साना, वेस्टन व सेपेडा (२०१३) यांच्या प्रयोगात व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे गुण ११ टक्क्यांनी, तर तसे पडदे नजरेसमोर असलेल्या शेजाऱ्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी आले. शेजाऱ्याचे नुकसान अधिक व्हावे, ही बाब वर्गाचे नियम ठरवणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यायला हवी. ज्यांना टिपणासाठी संगणक हवाच आहे त्यांना मागची रांग देणे, हा बंदीपेक्षा न्याय्य उपाय आहे. दृष्टी किंवा हाताच्या हालचालींच्या अडचणीमुळे संगणकावरच लिहू शकणारे विद्यार्थी बंदीने अडतात.

मराठी टिपणे व शोध : टिपणवहीचे खरे सामर्थ्य शोधात आहे आणि मराठीत नेमके तेथेच ती डगमगते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली टिपणे डोळ्यांना मराठी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची रांग असते. तिच्यात मराठी शब्द शोधून सापडत नाही. प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेत–क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे, पण त्याने सर्व प्रश्न सुटले नाहीत.

पहिला प्रश्न ‘ॲ’चा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हा स्वर वर्णमालेत आला. त्यासाठी स्वतंत्र संकेत युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये मिळाला. तोपर्यंत लोक ‘अ’ला वरून चंद्र जोडत, काही कळफलक अजूनही तसेच करतात, तर काहींतून हिंदीचा ‘ऍ’ उमटतो. स्वतंत्र संकेताचे रूप आणि चंद्र जोडलेल्या ‘अ’चे रूप ही दोन पडद्यावर सारखीच दिसतात. पण युनिकोडच्या समानीकरण नियमांत, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक मानण्याच्या नियमांत, ती एक धरलेली नाहीत. एका फोनवर ‘ॲसिड’ टंकले आणि दुसऱ्यावर शोधले, तर टिपण असूनही ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते.

दुसरा प्रश्न ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा, आणि तो अधिक बिकट आहे. हे जोडाक्षर दोन मार्गांनी लिहिता येते. एकात नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असलेला ‘ऱ’ व हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य–रुंदी जोडक. ‘ऱ’ हा एक संकेत म्हणून लिहिला की ‘र’ आणि नुक्ता असे दोन, हा फरक समानीकरणात मिटतो. जोडकाचा मिटत नाही. शोधताना जोडकाकडे दुर्लक्ष करावे असा सोपा उपाय काही प्रणाली करतात. तसे केले की दुसऱ्या मार्गाने लिहिलेला ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ एक होतात, ‘आचाऱ्यास’ व ‘आचार्यास’ यांतला भेद नाहीसा होतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याला यातला पहिला घोळ खरोखर भोवू शकतो. योग्य उपाय म्हणजे अनुक्रमणी (शोधासाठीची शब्दसूची) बनवतानाच दुसरा मार्ग पहिल्यात रूपांतरित करणे.

तिसरा प्रश्न व्याकरणाचा. बहुतेक टिपणवह्या शब्दाचा आरंभ किंवा त्यातला तुकडा जुळवून शोधतात. ‘बैठक’ शोधले तर ‘बैठकीत’ सापडते, पण ‘सभा’ शोधून ‘सभेत’ सापडत नाही. ‘रस्ता’ शोधून ‘रस्त्यावर’ही नाही. सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो आणि त्याला विभक्तिप्रत्यय चिकटतो, याचा विचार या साधनांत नाही. यावर मार्ग म्हणजे महत्त्वाचा शब्द टिपणाच्या शीर्षकात मूळ रूपात लिहिणे किंवा त्याची खूणपट्टी (टॅग) लावणे, आणि शोधताना ‘सभ’, ‘रस्त’ असा न बदलणारा भागच टंकणे. सर्व उपकरणांवर एकच कळफलक ठेवल्यास पहिले दोन प्रश्नही बरेच सौम्य होतात.

मराठी टंकण्याऐवजी बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये दिली.

सभांतील वापर : सभेचे टिपण आणि सभेचे इतिवृत्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गृहनिर्माण संस्थांत ज्याला सर्रास ‘प्रोसिडिंग’ म्हणतात, ते संस्थेचे दप्तर आहे. सचिवाने आपल्या फोनवर घेतलेल्या नोंदी म्हणजे त्याचा कच्चा माल. कंपन्यांच्या बाबतीत कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ नुसार सभा संपल्यापासून ३० दिवसांच्या आत इतिवृत्त नोंदवावे लागते. ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येते, परंतु त्यात मागाहून फेरफार होता कामा नये आणि कोणती नोंद केव्हा झाली याची वेळ राहिली पाहिजे. कोणीही कधीही बदलू शकेल असे सामायिक पान या कसोटीला उतरत नाही. म्हणून सामायिक पानावर मसुदा करावा, मान्य झालेले इतिवृत्त वेगळे गोठवून ठेवावे.

बोलण्याचा मजकूर आपोआप लिहून सारांश देणाऱ्या सेवा अलीकडे ऑनलाइन सभांत रूढ झाल्या आहेत. त्या कोण बोलले व काय बोलले हे उतरवतात. सभेने काय ठरवले हे उतरवणे अध्यक्ष व सचिव यांचेच काम राहते. चर्चेत तीन प्रस्ताव आले आणि एक मंजूर झाला, तर इतिवृत्तात मंजूर ठराव त्याच्या नेमक्या शब्दांत हवा. मुद्रण (रेकॉर्डिंग) चालू असल्याचे उपस्थितांना आरंभीच सांगावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी हे सांगणे आवश्यकच होते. संचालक मंडळाची सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून झाली, तर तिचे मुद्रण निदान त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत कंपनीच्या दप्तरात जपावे लागते, असे कंपनी कायद्याखालील २०१४ चे नियम सांगतात.