इंदुरात मिशनरी जोडपी छावणीतच का राहिली, थोडी पार्श्वभूमी

आमच्या शेजारच्या काकूंकडे वरच्या मजल्यावर दिवाळीनंतर नवे भाडेकरू आले, नवराबायको, दोघं मिझोरमचे, चर्चच्या कामासाठी इंदूरला आलेले. पहिल्याच आठवड्यात ती खाली आली, भाजीवाल्याशी कसं बोलायचं ते विचारायला. हिंदी तिला थोडी येते, पण काकू घरात मराठी बोलतात, कामवालीशी माळवीमिश्रित हिंदी, आणि गल्लीत मुलं आपली खास इंदुरी, त्यामुळे तिला कळेचना की इथली भाषा नक्की कुठली धरायची. काकूंनी नंतर मला विचारलं, काय रे, हे मिशनवाले आपल्याकडे कधीपासून येतात? तेव्हा जमेल तसं सांगितलं, पण नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं म्हणून हे लिहितोय.

इंदुरात छावणी हा एक भाग आहे, आणि छावणी म्हटलं की आज आपल्याला अनाज मंडी आठवते. पण ही छावणी आधी इंग्रजांची. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह, आणि मग राजधानी इंदूरला आली आणि तिच्या शेजारीच इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे दरबारावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची कचेरी आणि वसाहत, बसली. म्हणजे एका गावात दोन हुकुमती. राजवाड्याकडे होळकर दरबार, ज्याचा कारभार मराठीत, कागद मोडीत, आणि तिकडे रेसिडेन्सीत गव्हर्नर जनरलचा एजंट, कचेरीत इंग्रजी आणि उर्दू. पुढची सगळी गोष्ट या हद्दीमुळे घडली, ही हद्द लक्षात नाही घेतली तर मिशनचं क्रिश्चन कॉलेज छावणीच्या बाजूला का, शहराच्या मध्यात का नाही, हे कळतच नाही.

मिशनरी जोडपी मराठी मुलखात आली ती त्याच्याही आधी, आणि सुरुवात फार वाईट झाली. १८१२ ला अमेरिकेतून काही तरुण जोडपी कलकत्त्याला उतरली, कंपनी सरकारने त्यांना निघून जायला सांगितलं कारण कंपनीला धर्माच्या भानगडीत पडून व्यापार बिघडवायचा नव्हता. त्यातल्या सॅम्युअल न्यूवेलची बायको हॅरिएट तिथून मॉरिशसला जाऊन वारली, बाळंतपणानंतर, वय १९. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि नॉट पतिपत्नी १८१३ ला मुंबईला पोचले, त्यांनाही परत पाठवायचं चाललं होतं, पण त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना राहायची वाट मोकळी झाली.

मग १८२९ ला स्कॉटलंडहून जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन आले. ते थेट मुंबईत कामाला लागले नाहीत, आधी कोकणात, बाणकोट-हर्णै भागात जाऊन मराठी शिकले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवीन गावात घर मांडायचं तर आधी भाषा, मग बाकी. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात त्यांच्यापासून, १८३२ पासून धरते. आणि १८३५ ला त्या गेल्या, येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या नावाचं विल्सन कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. १८४५ ला स्टीफन हिस्लॉप बायकोसकट नागपूरला आले, तिथेही भोसल्यांचं राज्य आणि बाजूला कामठीची इंग्रजी छावणी, म्हणजे इंदूरसारखाच नकाशा.

इंदूरला मात्र हे सगळं बऱ्याच उशिरा आलं, १८७७ मध्ये, आणि आले ते कॅनडाहून. तिथल्या वेगवेगळ्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांमधला एक पंथ) मंडळ्या १८७५ ला एक झाल्या होत्या आणि त्यांना स्वतःचं असं एक क्षेत्र हवं होतं. जे. एम. डग्लस इंदूरला, जे. फ्रेझर कॅम्पबेल जवळच्या महूच्या छावणीत, आणि त्यांच्यासोबत मिस फेअरवेदर आणि मिस रॉजर, ज्या १८७३ पासूनच उत्तर हिंदुस्थानात अमेरिकन मिशनबरोबर काम करत होत्या. म्हणजे खरं पाहिलं तर या देशाचा अनुभव बायकांकडे जास्त होता. १८७९ ला जॉन विल्की बायकोबरोबर आले आणि इंदूरच्या गोष्टीत त्यांचं नाव सगळ्यात जास्त येतं. त्याच सुमाराला खांडव्याहून घाट चढून येणारी रेल्वे इंदूरला जोडली गेली होती, तिच्यासाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज दिलं होतं हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. तर मिशनऱ्यांचं सामान आता बैलगाडीत घालून घाटातून आणावं लागत नव्हतं, पण रेल्वे फक्त स्टेशनपर्यंतच आणते, शहरात शिरणं वेगळं.

कारण शहरात उघड उपदेश करायला दरबार तयार नव्हता. तुकोजीराव दुसरे हे राज्य स्वतः बघणारे राजे होते, १८५७ चा गोंधळ त्यांनी इंदुरातच पाहिला होता, आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात कोणाच्या धर्मात सरकार हात घालणार नाही असं वचन होतं, तेव्हा आपल्या बाजारात परक्यांनी धर्माची भाषणं का द्यावी असं त्यांना वाटणं मला तरी समजतं. मिशनऱ्यांना वाटायचं की निदान रेसिडेन्सीत तरी आपलं सरकार आपल्या बाजूने असेल, तर तिथे १८८१ पासून सर लेपेल ग्रिफिन एजंट, आणि ते मिशनऱ्यांना अजिबात धार्जिणे नव्हते. तक्रारी पार व्हॉइसरॉयपर्यंत गेल्या. म्हणजे या जोडप्यांना ना शहर आपलं म्हणत होतं ना छावणी, तरी राहायला जागा छावणीच्याच बाजूला होती, म्हणून बंगला, शाळा, चर्च सगळं तिकडेच एकाशेजारी एक उभं राहत गेलं.

आता भाषेचं बघा. कोकणात विल्सनना प्रश्न नव्हता, मराठीच. इंदुरात ब्राह्मण-मराठा घरांत मराठी, बाजारात माळवी, छावणीत हिंदुस्थानी. वरच्या मजल्यावरच्या बाईला जे कोडं पडलंय तेच दीडशे वर्षांपूर्वी विल्कीबाईंच्या घरातही असणार. मिशनने जास्त भर हिंदीवर ठेवला कारण त्यांचं क्षेत्र नीमच, रतलाम, उज्जैन, धार असं सगळ्या माळव्यात पसरत होतं.

पुरुष बाजारात अडले, पण बायका आत जाऊ शकत होत्या. जुन्या वाड्यांत माजघरात परका पुरुष जाऊच शकत नव्हता, डॉक्टर असला तरी नाही, आणि बाईला मात्र ओटीवर बसवून पाणी विचारलं जायचं. टोरोंटोत १८७६ ला बायकांची वेगळी मिशन सोसायटी निघाली होती आणि अविवाहित शिक्षिका, डॉक्टर यांचा पगार तिथून यायचा. जी लग्न करून आली तिला वेगळा पगार नाही, यादीत ती अमक्याची पत्नी, आणि शाळेत शिकवणं, भाषा शिकणं, घर चालवणं, पाणी उकळून घेणं, आजारी पडलेल्या नव्या मंडळींना सांभाळणं हे सगळं तिच्याकडे. कॅम्पबेल यांनी नंतर मिशनमधल्याच मिस फॉरेस्टर यांच्याशी लग्न केलं, म्हणजे कालपर्यंत स्वतः मिशनरी असलेली बाई दुसऱ्या दिवसापासून मिशनरीची बायको. मला हे पटत नाही, आजही नाही.

१८८४ ला डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, १८८६ ला डॉ. मॅरियन ऑलिव्हर, दोघी कॅनडातल्या किंग्स्टनला शिकलेल्या, त्या काळात जेव्हा तिकडेही मुलींना मेडिकलला घ्यायला लोक तयार नसत. १८९१ ला इंदूरला बायकांचं हॉस्पिटल सुरू झालं. आमची पणजी 'मिशनच्या बाई' असं म्हणायची असं आजी सांगते, नाव नाही, फक्त मिशनच्या बाई, आणि त्या शब्दात आदर असायचा. धर्माबद्दल घरात कोणाला काही घेणंदेणं नव्हतं, पण अडलेल्या बाळंतपणाला बाई डॉक्टर मिळते ही गोष्ट गल्लीत पोचायला वेळ लागला नसणार.

तुकोजीराव १८८६ ला गेले, शिवाजीराव गादीवर आले, ग्रिफिनही १८८८ पर्यंत इथून गेले आणि हवा जराशी सैल झाली. १८८७ ला विल्कींनी इंदूर क्रिश्चन कॉलेज काढलं, ज्यात पुढे आपला किशोर कुमार शिकला. विल्कींचं मात्र नंतर आपल्याच मिशनशी बिनसलं आणि ते झाशीला निघून गेले, इतकी वर्षं एका गावात घालवून परत नवीन गावी पहिल्यापासून. डॉ. जॉन बुकॅनन आणि डॉ. मेरी बुकॅनन हे दोघंही डॉक्टर असलेलं जोडपं उज्जैन सोडून आलीराजपूरकडे आमखुटला भिल्लांमध्ये जाऊन राहिलं. १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत १९५६ म्हणून छप्पन्नच्या म्हणतात त्या दुष्काळात मिशनच्या अंगणात अनाथ मुलं आली आणि तिथून मिशनचं रूपच बदललं, तो वेगळा विषय आहे.

यांच्या स्वतःच्या मुलांचं काय? खूप जण मुलांना मसुरीजवळ लंढौरला वुडस्टॉक शाळेत ठेवत, १८५४ ची शाळा. माळव्याच्या रात्री कितीही थंड म्हणा, उन्हाळा आणि ताप याची भीती होतीच. म्हणजे घर इंदूरला, मुलं डोंगरावर, आणि यांचे स्वतःचे आईवडील समुद्रापलीकडे.

१९२५ ला कॅनडातलं ते प्रेस्बिटेरियन चर्च बऱ्याच अंशी युनायटेड चर्च ऑफ कॅनडात मिसळलं, १९७० ला नागपूरला अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि इथलं काम इथल्या लोकांकडे आलं. मधे १९६८ ला मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा, म्हणजे धर्मांतरावर बंधनं घालणारा, कायदा झाला, २०२१ ला नवा. धर्मांतराचा वाद आपल्याकडे कधी संपलेला नाही आणि काकूंच्या मनातही तो होता, घर भाड्याने देताना त्यांनी दोन दिवस विचार केला.

आणि एक गोष्ट मी काकूंना सांगितली तेव्हा त्या गप्पच झाल्या. मिझोरममध्ये मुक्कामाला आलेले पहिले दोन मिशनरी, लोरेन आणि सॅविज, ११ जानेवारी १८९४ ला पोचले, तो दिवस तिथे अजून पाळतात. म्हणजे इंदुरात विल्कींचं कॉलेज सात वर्षांचं झालं होतं तेव्हा या बाईच्या खापरपणज्यांनी पहिला मिशनरी पाहिला, आणि आता ती स्वतः मिशनरीची बायको होऊन इथे आलीय. यादीत तिचं नाव वेगळं आहे का, ते मी तिला विचारलं. आहे, म्हणाली, आणि पगारही.

सध्या ती काकूंकडून आधी मराठी शिकतेय, हिंदी नंतर, कारण काकू म्हणाल्या मला हिंदी शिकवता यायची नाही.