सामूहिक बोर्ड-मागणी (रेट्रो संगणक)

जुन्या धाटणीच्या संगणकांत बसणारे कोरे प्रोटोटाइप बोर्ड अनेक हौशी मंडळींनी मिळून एकाच खेपेत कारखान्यातून बनवून घेण्याची पद्धत. बोलण्यात ‘ग्रुप बाय’. अशा बोर्डावर संगणकाच्या बसला (भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या समूहाला) जुळणारी कड, वीजपुरवठ्याच्या पट्ट्या आणि २.५४ मिमी. अंतरावरील भोकांची जाळी एवढेच असते. पुढचे सर्किट ज्याचे त्याने वायर-रॅप (पिनेभोवती तार घट्ट गुंडाळून) किंवा सोल्डर करून उभारायचे.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. पहिले मत ही पद्धत १९७० च्या दशकातील संगणक-मंडळांशी जोडते. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी १९७५ च्या अंकात अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक झळकला आणि ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. एकट्याला न परवडणारी खरेदी मिळून करण्याची रीत अशा मंडळांतच रुजली असावी, असे हे मत. दुसरे मत तिचे मूळ चिपनिर्मितीत शोधते. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील १९७९ च्या उपक्रमात व १९८१ पासून मोसिस या सेवेत अनेकांचे आराखडे एकाच सिलिकॉन चकतीवर घेऊन मास्कचा (आराखडा चकतीवर उमटवणाऱ्या साच्याचा) खर्च वाटला जाई. मात्र तिथे आराखडे वेगवेगळे आणि चकती एक. इथे आराखडा एकच आणि घेणारे अनेक. पोर्टलंडच्या डॉर्कबॉट पीडीएक्स गटाची सामूहिक मागणी, जिच्यातून पुढे ओएसएच पार्क ही बोर्ड बनवून देणारी सेवा निघाली, ती वेगवेगळे आराखडे एकत्र घेई म्हणून चिपच्या परंपरेला जवळची म्हणता येईल. रेट्रो बोर्डांपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

खर्चाचे गणित : फिल्म, छिद्रणाची मांडणी, चाचणी हा खर्च नग कितीही असले तरी जवळपास तेवढाच असतो, म्हणून नग वाढले की प्रत्येकाचा वाटा झपाट्याने उतरतो. १०० × १०० मिमी.च्या आतले बोर्ड अनेक कारखाने आता नाममात्र दरात देऊ लागल्याने लहान बोर्डांसाठी सामूहिक मागणीची गरज बरीच ओसरली आहे. पिन-हेडरवर (पिनांच्या रांगेवर) चालणारे आरसी२०१४ या हौशी संगणकाचे बोर्ड याच वर्गातले. एस-१०० या अल्टेअरच्या बसचा बोर्ड मात्र सुमारे १० इंच लांब व ५ इंचांहून थोडा अधिक रुंद असतो. तो या सवलतीत बसत नाही आणि त्याच्या कडेला सोनेही लागते.

कडेचा कनेक्टर : बहुतेक चर्चा आणि बहुतेक चुका येथेच होतात. एस-१०० ला दर बाजूस ५० याप्रमाणे १०० संपर्क, ०.१२५ इंच अंतरावर; ॲपल टूला ५०, तर आयबीएम पीसीच्या आठ-बिट आयएसए बसला ६२, दोन्ही ०.१ इंचावर. क्रमांकनाची रीतही एक नाही. एस-१०० मध्ये १ च्या पाठीमागे ५१ येतो आणि दोन्हींवर +८ व्होल्ट असतात. ॲपल टूमध्ये क्रमांक वळसा घेतात : १ च्या पाठीमागे ५०, आणि २५ (+५ व्होल्ट) च्या पाठीमागे २६ (ग्राउंड). एका बसचा फूटप्रिंट (संपर्कांची आखणी) दुसरीच्या सवयीने काढला तर चूक सगळ्या खेपेत उतरते. म्हणून आधी दोन-चार नग मागवून, जोडून पाहण्याचा प्रघात शहाणपणाचा.

कडेच्या संपर्कांवरील सोन्याच्या मुलाम्याचे दोन प्रकार आहेत. रासायनिक मुलाम्यात (एनिग) सोन्याचा थर ०.०५ ते ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो. विद्युत्-विलेपित कठीण सोने पाऊण ते सव्वा मायक्रॉन. ते घासाला टिकते, पण महाग. विलेपनासाठी प्रत्येक संपर्क पट्टी तात्पुरती विजेने जोडलेली राहावी लागते. कडेला उतार देताना ती जोडणी कापली जाते. बोर्ड वारंवार काढघाल होणारा असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. एकदा बसवून विसरायचा असेल तर एनिग पुरते. बोर्डाची जाडी १.६ मिमी. ठेवतात.

जाळीची भोके : वायर-रॅपची चौकोनी पिन ०.६४ मिमी.ची, म्हणजे तिचा कर्ण ०.९ मिमी. होतो. नेहमीच्या ०.८ मिमी. भोकात ती शिरत नाही, त्यामुळे भोक सुमारे १ मिमी.चे हवे. एस-१०० बसवर अनियंत्रित +८ व्होल्ट येत असल्याने स्थिर +५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर व त्याच्या हीटसिंकसाठी जागाही सोडावी लागते. १ अँपिअर घेतल्यास तो ३ वॉट उष्णता बाहेर टाकतो.

संयोजन : नावे नोंदवणे, आगाऊ रक्कम घेणे, आराखडा गोठवणे आणि मग कारखान्याला फाइली पाठवणे असा क्रम सर्वत्र सारखाच. गहाळ व सदोष नगांसाठी थोडे जास्तीचे मागवतात. संयोजकाची पदरमोड होते ती बहुधा टपाल आणि जकातीत. गर्बर फाइली (कारखान्याला लागणाऱ्या बोर्डाच्या आराखड्याच्या फाइली) खुल्या ठेवल्या तर पुढची खेप दुसरा कोणीही काढू शकतो. मात्र जाडी, मुलामा आणि कडेच्या उताराचा कोन (सहसा ३० किंवा ४५ अंश) साध्या गर्बर फाइलीत येत नाहीत, ते वेगळ्या टिपणात लिहून द्यावे लागतात.