अकरा नंबरचा बावटा

बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा ३ नंबरचा बावटा लागला की काय समजायचं, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ११ नंबर मात्र फारसा कुणाला आठवत नाही. हवामान खात्याच्या केंद्राशी बंदराचा संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याची धास्ती आहे, असा त्याचा अर्थ. देशातल्या बंदरांवर एकसारखी इशारापद्धत १८९८ पासून आली. नाव बावटा असलं, तरी दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. लहान बंदरांसाठी तिचं आटोपशीर रूप आहे, त्यात ३, ४, ७, १० आणि ११ एवढेच बावटे ठेवले. बाकीचे सहा गाळले, पण ११ ठेवला. निरोप येत नाही हीसुद्धा बातमीच असते आणि ती लोकांना सांगणं बंदर अधिकाऱ्याचं काम आहे, हे ज्यांनी ठरवलं त्यांना जबाबदारी नेमकी कळली होती.

निरोपच गेला नाही तर काय होतं, ते १७ जुलै १९४७ ला कोकणानं पाहिलं. सकाळी ८ च्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. गटारीचा दिवस, बोट माणसांनी भरलेली. बोटीवर वायरलेस नव्हता. धक्का काही मैलांवर, तरी मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटली होती. मधल्या वेळात मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी हाताला लागतील तेवढ्यांना होड्यांत ओढून घेतलं. सहाशेहून अधिक माणसं गेली.

पुढे वायरलेस आला, रेडिओ आला, खिशात मोबाईल आला. तरी ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ वादळ आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी होड्या खोल समुद्रातच होत्या. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. आणि दर्यावर वेळेचा हिशेब कडक असतो. ६० सागरी मैलांवरचा ट्रॉलर ताशी ७ मैलांनी बंदरात यायला साडेआठ तास घेतो. जाळी ओढायला अडीच तास धरा, म्हणजे ११ तास झाले. चक्रीवादळाचा पक्का इशारा २४ तास आधी निघाला असं मानलं तर मध्ये १३ तास उरतात. ते हवामान केंद्र, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, मत्स्यव्यवसाय खातं, मच्छीमार सोसायटी, नाखवा (होडीचा मालक) आणि तांडेल (होडी हाकणारा) अशा साखळीत वाटले जातात. सहा जणांनी ‘जरा थांबून कळवू’ म्हणत दोन-दोन तास घेतले की उरतो एक तास. वादळ किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधी दर्या खवळलेला असतो, ते वेगळंच.

होडीवरचा व्हीएचएफ सेट, म्हणजे बिनतारी संच, हाही नजरेच्या रेषेतच बोलतो. दोन्ही होड्यांचा अँटेना ४ मीटर उंच असेल तर साधारण ९ सागरी मैल. कड्यावर १०० मीटर उंचीवरच्या टॉवरशी बोलायचं असेल तर २६ च्या आसपास. त्यापलीकडच्या होडीला मधल्या होडीनंच निरोप पुढे द्यावा लागतो. संकटाच्या हाकेसाठी ठेवलेलं १५६.८ मेगाहर्ट्झचं १६ नंबर चॅनेल ऐकत राहायचं असतं, पण बॅटरी वाचवायला सेट बंद ठेवला जातो, किंवा तो गप्पांच्या चॅनेलवर लावलेला असतो. सगळ्यात फसवा बिघाड अँटेनाच्या जोडाचा. खाऱ्या हवेनं आतलं तांबं हिरवं पडतं. सेटचा दिवा लागतो, शेजारच्या होडीचा आवाजही येतो, पण आपलं बोलणं लांब जात नाही. तांडेलाला वाटतं, आपण कळवलं.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात होड्या बहुतेक किनाऱ्यावर होत्या. पण श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज गेली, मोबाईल बंद पडले आणि गावंच्या गावं अंधारात गेली. व्हॉट्सॲपवर उभी केलेली साखळी तिथे तुटली.

‘इस्रो’चं संकटसंदेश यंत्र २०१० पासून होड्यांवर आहे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत संदेश तटरक्षक दलाला जातो. पण तो पोचला की नाही, हे होडीवर कळत नसे. बुडत्या होडीवरच्या माणसानं ते बटण किती वेळा दाबलं असेल! २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात उलट पोच मिळते. या सगळ्या इतिहासातली ही सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते.

सोसायटीच्या कचेरीत पोच घेण्याचं हेच काम एक वही करते. निरोप एका दमात सांगता येईल असा: कुठे, किती वाजल्यापासून, वारा किती, कोणत्या बंदरात किती वाजेपर्यंत शिरायचं. ‘हवा खराब आहे, सांभाळा’ या शब्दांवर कुणीही जाळी अर्ध्यात ओढत नाही. वादळात देवगडच्या आसऱ्याला गुजरात-केरळच्या होड्याही येतात, त्यांच्यासाठी बंदराचं नाव आणि वेळ हिंदीतही सांगावी. ऐकणाऱ्या तांडेलानं दोन्ही परत म्हणून दाखवायची. वहीत होडीच्या नावापुढे दोन रकाने: निरोप दिल्याची वेळ आणि पोच मिळाल्याची वेळ. दुसरा रकाना कोरा असेल त्या होडीला दर १५ मिनिटांनी पुन्हा हाक.