परिसर भगिनी (मुंबई)

मुंबईतील कचरावेचक स्त्रियांसाठी स्त्री मुक्ती संघटनेने रूढ केलेले संबोधन. ‘ए कचरेवाली’ या हाकेवर शोधलेला हा पर्याय. सुका कचरा वेगळा करणे, तो भंगाराच्या बाजारापर्यंत पोहोचवणे आणि ओल्या कचऱ्यापासून खत किंवा बायोगॅस तयार करणे ही कामे संघटितपणे करणाऱ्या स्त्रिया या नावाने ओळखल्या जातात.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या अनेक भूमिहीन दलित कुटुंबांतील बाया या कामात शिरल्या. भांडवल लागत नाही, शिक्षण कोणी विचारत नाही, आणि जातीमुळे दुसरी कामे मिळत नव्हती हेही खरे. १९२७ पासून चालू असलेल्या देवनार कचराभूमीच्या, म्हणजे डम्पिंगच्या, भोवतालच्या वस्त्यांमध्ये हा व्यवसाय आईकडून मुलीकडे गेला.

बाहेरून हे काम नुसते वेचण्याचे दिसते. त्यातले कसब निवडण्यात आहे. पाण्याच्या बाटलीचे झाकण निराळ्या प्लॅस्टिकचे, म्हणून ते काढून वेगळे ठेवायचे. दुधाची पिशवी धुऊन वाळवली की भाव बरा येतो. प्लॅस्टिक मुठीत चुरगाळायचे आणि आवाजावरून त्याचा प्रकार ओळखायचा. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारात कोणी विचारत नाही. ते तिथेच पडून राहते. रोज ६,००० टनांहून अधिक कचरा करणाऱ्या या शहरात पुनर्वापराचा मोठा भार वर्षानुवर्षे अशा हातांवर राहिला, महापालिकेच्या हिशेबात मात्र ते हात नव्हते. वेचणाऱ्यांत बाया जास्त, भंगाराच्या दुकानात वजनकाट्यावर बसणारे बहुधा पुरुष. आजारपणात भंगारवाल्याकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत माल त्याच दुकानात, त्याच्याच भावाने.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ हा प्रकल्प हाती घेतला. सुरुवात बचत गटांनी झाली, कारण उचलीचा फास सैल झाल्याशिवाय पुढचे काही शक्य नव्हते. मग ओळखपत्रे आली. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनला दाखवता येणाऱ्या या कार्डाने बाईची कामाची जागाच बदलली: डम्पिंगवर चिखलात मिसळलेल्या कचऱ्याऐवजी तिला घरातून निघालेला, वेगळा केलेला कचरा हाती मिळू लागला. कोरड्या पुठ्ठ्याला भाव आहे, भिजलेल्याला जवळजवळ नाही. पर्यावरणाचा फायदा आणि तिची कमाई इथे एकाच गोणीत येतात.

ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रातील शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ तंत्राचा उपयोग झाला. कचरा गरम पाण्यासोबत मिक्सरमध्ये दळतात, आधी हवेशीर टाकीत आणि नंतर बंद टाकीत कुजवतात. त्यातून मिथेन हा जळणाचा वायू आणि खत मिळते. संघटनेने तयार केलेल्या स्त्रियांनी अशी संयंत्रे चालवली. हाच मिथेन डम्पिंगच्या ढिगाऱ्यात साचला की पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर शहराने कित्येक दिवस सोसला. त्यानंतर डम्पिंगवर पहारा वाढला आणि तिथे वेचून पोट भरणाऱ्यांची वाट अडली.

त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची प्रथमच व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. २०१७ मध्ये दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवण्यास महापालिकेने सांगितले. यातून कामाच्या नव्या जागा निघाल्या खऱ्या, पण कंत्राट म्हटले की उलाढाल आणि अनामत रकमेच्या अटी येतात. बचत गटाला त्या झेपत नाहीत. मग काम मोठ्या कंत्राटदाराकडे जाते आणि याच बाया त्याच्याकडे रोजंदारीवर लागतात.