‘चर्चबाहेर तारण नाही’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

‘चर्चबाहेर तारण नाही’, म्हणजे चर्चमध्ये नसलेल्याला मुक्ती नाही, असं ख्रिस्ती शिकवणीतलं एक जुनं वाक्य आहे. मग ख्रिस्ताआधी होऊन गेलेल्यांचं काय? अब्राहाम, मोशे, दावीद यांचा हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेने तसा लवकर मिटवला. येणाऱ्या तारकावर त्यांची श्रद्धा होती. ती पुसट असली तरी पुरेशी मानली गेली. क्रुसावरच्या मरणानंतर ख्रिस्त अधोलोकात उतरला आणि वाट पाहणाऱ्या या मंडळींना त्याने सोडवलं. घोळ झाला तो ख्रिस्तानंतरच्यांचा. मध्ययुगातल्या पंडितांचं म्हणणं असं, की शुभवर्तमान जाहीर झालं, आता पुसट श्रद्धा चालायची नाही.

जाहीर झालं, पण कुठवर? १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या चर्च-परिषदेच्या फर्मानाने मरणापूर्वी चर्चमध्ये न आलेल्या मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर अशा सगळ्यांना सरसकट अग्नीत धाडलं. त्यानंतर बरोबर ५० वर्षांनी युरोपची गलबतं अमेरिकेला लागली. तिथे पिढ्यानपिढ्या लोक राहत होते आणि ख्रिस्ताचं नाव कोणाच्या कानावर गेलेलं नव्हतं. जपानहून परतलेल्या एका मिशनऱ्याने (त्याचं पार्थिव आज जुन्या गोव्यात आहे) १५५२ मध्ये लिहिलं, की तिथले नवख्रिस्ती आपल्या वाडवडिलांसाठी रडतात. नरकातून त्यांची सुटका नाही, हेच त्याला सांगावं लागलं होतं.

खरा गुंता ‘बाहेर’ या शब्दात आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या बिशपने हे वाक्य लिहिलं ते पाखंडी गटांनी दिलेल्या बाप्तिस्म्याच्या वादात. रोख होता चर्चपासून फुटणाऱ्यांवर. दूर देशी राहणारे अजाण लोक त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते. पुढे मात्र ते सगळ्या जगाला लावलं गेलं. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ‘बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा’ असं म्हटलं आणि त्या ‘किंवा’तून पुढे बरीच माणसं आत आली. १८६३ मध्ये एका पोपने स्वतःचा दोष नसलेलं अज्ञान क्षम्य ठरवलं.

मग बोस्टनचं प्रकरण. तिथल्या एका फादरांनी वाक्याचा शब्दशः अर्थ धरला: बाहेर म्हणजे बाहेर. १९४९ मध्ये रोमहून पत्र आलं, की चर्चचा प्रत्यक्ष सदस्य असणं दरवेळी आवश्यक नाही. मनातली इच्छा, तीही अव्यक्त, देव मान्य करतो, मात्र तिच्यामागे श्रद्धा आणि प्रेम हवं. म्हणजे अब्राहामाला दिलेली सवलतच मागच्या दाराने परत आली! फादर हटले नाहीत, १९५३ मध्ये बहिष्कृत झाले. कागदोपत्री कारण होतं आज्ञाभंग. त्यांचा अर्थ चूक, असं त्या हुकमात म्हटलेलं नाही. जुनी वाक्यं जशीच्या तशी वाचणाऱ्यालाच बाहेर काढलं गेलं, हे त्यांच्या विरोधकांनाही थोडं अवघड वाटायला हवं होतं.

१९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९४९ च्या पत्रातलं मतच अधिकृत दस्तऐवजात घातलं. त्याला शिकवणीचा ‘विकास’ म्हणतात. १४४२ च्या मजकुराशेजारी ठेवून वाचलं तर हा शब्द फार सौम्य वाटतो. १९७२ मध्ये बोस्टनच्या फादरांवरचा बहिष्कार उठला, आणि आपलं मत मागे घ्या असं त्यांना कोणी म्हटलं नाही.