ताजचे रात्रदर्शन आणि आग्र्याची ‘चमकी’ : पार्श्वभूमी

कोजागिरीची पौर्णिमा जवळ आली की आग्र्यात ‘चमकी’ हा जुना शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतो आणि ताजमहालाच्या रात्रदर्शनाची चौकशीही वाढते. हे दोन्ही शब्द आता सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात चमकी हा लोकांचा मेळा होता, तर रात्रदर्शन ही न्यायालयाच्या परवानगीने, अटी घालून सुरू झालेली व्यवस्था आहे. या दोहोंच्या मध्ये वीस वर्षांची बंदी आहे आणि आजच्या व्यवस्थेचे स्वरूप त्या बंदीने ठरवले आहे.

चमकीचे नाते ताजच्या जडावकामाशी, म्हणजे पच्चीकारीशी आहे. संगमरवरात कोरलेल्या खाचांत लाजवर्द, यशब, अकीक असे रंगीत दगड बसवून वेलबुट्टी केलेली आहे. त्यांतला तांबूस अकीक अर्धपारदर्शक असतो. त्याला विजेरीचा झोत टेकवला की तो आतून निखाऱ्यासारखा पेटतो आणि शेजारचा हिरवा किंवा निळा दगड मात्र जसाच्या तसा राहतो. दिवसा गाइड पर्यटकांना हेच करून दाखवतात. चांदण्यात हा खेळ अधिक नाजूक होतो, कारण चंद्र, दगड आणि डोळा एका विशिष्ट कोनात आले तरच एखादा खडा लकाकतो आणि पाहणारा पाऊलभर सरकला की विझतो. म्हणून जुन्या काळी लोक चौथऱ्यावर उभे राहत, चंद्राबरोबर जागा बदलत आणि खडा दिसला की ‘वो चमकी’ म्हणून ओरडत. पावसाळ्यानंतर आकाश धुऊन निघालेले असे, हवा गार असे, आणि शरद पौर्णिमेच्या रात्री गावातली व आसपासच्या खेड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे ताजमध्ये येत.

उजळणाऱ्या संगमरवराची दुसरी बाजू युद्धकाळात दिसली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, घुमटाभोवती बांबूंची परांची उभारण्यात आली आणि १९७१ च्या युद्धात चांदण्यातही तो विमानांना दिसू नये म्हणून वास्तू हिरव्या कापडाने झाकली गेली. हे उपाय तात्पुरते होते. १९८४ ची बंदी तशी ठरली नाही. पंजाबातील दहशतवादाच्या काळात सुरक्षेच्या कारणावरून ताज सूर्यास्तानंतर बंद करण्यात आला आणि धोका ओसरल्यावरही दरवाजे उघडले नाहीत. चमकी पाहिलेली पिढी म्हातारी झाली आणि पुढच्या पिढीकडे तिच्या केवळ आठवणी आल्या.

दरम्यानच्या वर्षांत ताजविषयीचे बहुतेक मोठे निर्णय न्यायालयात झाले. १९८२ मध्ये मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाल्यानंतर हवेतील प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८४ मध्ये त्यावर याचिका दाखल झाली. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालाने सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यातील २९२ उद्योगांना नैसर्गिक वायू वापरा, अन्यथा स्थलांतर करा, असे सांगितले. पेट्रोल-डिझेलवरील गाड्या ताजपासून ५०० मीटरच्या आत येऊ नयेत, हा नियमही न्यायालयाच्या आदेशांतूनच आला. शिल्पग्रामच्या वाहनतळावर उतरून बॅटरीच्या गाडीने पुढे जाण्याची आजची पद्धत त्यातलीच. २००३ मध्ये यमुनेच्या पात्रात ताज आणि किल्ला यांच्यामध्ये बाजारपेठेसह मार्गिका बांधण्याचे काम वादळ उठल्यावर थांबवावे लागले आणि त्याची चौकशी केंद्रीय यंत्रणेकडे गेली. ताजजवळच्या प्रत्येक नव्या कल्पनेकडे संशयाने पाहण्याची सवय त्यामुळे पक्की झाली आणि ती अकारण नव्हती.

अशा वातावरणात, नोव्हेंबर २००४ मध्ये, रात्रदर्शनाला परवानगी मिळाली. दर महिन्याला पाच रात्री ठरल्या: पौर्णिमेची, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन. शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळला गेला. रात्री साडेआठ ते साडेबारा या वेळात ५० जणांच्या आठ तुकड्या जातात, म्हणजे एका रात्री जास्तीत जास्त ४०० माणसे, आणि प्रत्येक तुकडीला अर्धा तास मिळतो. सुरक्षेची तपासणी शिल्पग्रामला होते. संख्येची ही मर्यादा वास्तूच्या दृष्टीने योग्यच होती आणि तिच्याबद्दल फारसा वादही नाही.

वाद आहे तो अंतराचा. तुकडीला मुख्य प्रवेशद्वाराजवळच्या लाल दगडी फलाटावरूनच ताज पाहता येतो. तिथून मकबऱ्यापर्यंत मधली सगळी बाग आहे, म्हणजे साधारण ३०० मीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हाइसरॉयच्या पुढाकाराने दाट झाडी काढून हिरवळ केली गेली, म्हणून तेथून ताज पूर्ण दिसतो तरी. परंतु एवढ्या लांबून एखादा खडा लकाकताना दिसण्याची अपेक्षा करता येत नाही. दिसते ती दुधाळ आकृती. ती सुंदर असते, यात शंका नाही, पण ती चमकी नव्हे.

वेळेचाही प्रश्न आहे. ताजची दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे आणि पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला येतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. साडेआठच्या तुकडीला तो पूर्वेकडे असतो, त्यामुळे फलाटावरून दिसणारी बाजू बरीचशी सावलीत राहते. बाराच्या तुकडीला तीच बाजू उजळलेली दिसते. तिकिटाच्या दरात मात्र याचा काही फरक नाही. ताजवर विजेची रोषणाई केली जात नाही, आणि हे चांगलेच आहे, पण त्यामुळे सगळी मदार चंद्राच्या जागेवर राहते. परवानगी देताना अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब गर्दीच्या सोयीने केला गेला, चंद्राच्या नाही.

रात्रदर्शन वाढवण्याची मागणी मुख्यतः हॉटेलव्यवसायाकडून येते, आणि तिचे कारण प्रवासाच्या बदललेल्या गणितात आहे. २०१२ मध्ये दिल्लीहून येणारा १६५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग खुला झाला आणि २०१६ मध्ये ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणारी गतिमान एक्स्प्रेस सुरू झाली. सकाळी निघालेला पर्यटक ताज आणि किल्ला पाहून संध्याकाळी दिल्लीला परततो. सिकंदरा आणि एतमाद-उद-दौला अनेकदा राहूनच जातात. रात्री पाहण्यासारखे काही असेल तरच मुक्काम घडेल, हा युक्तिवाद त्यामुळे समजण्यासारखा आहे.

दिवसाचे दर्शनही आता मोजूनमापून मिळते. २०१८ मध्ये आवारात थांबण्यावर तीन तासांची मर्यादा आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून मुख्य मकबऱ्यात जाण्यासाठी २०० रुपयांचे वेगळे तिकीट लागू झाले. उद्देश गर्दी कमी करण्याचा होता. त्याचा परिणाम असा की पच्चीकारी जवळून पाहायची तर हे वेगळे तिकीट काढावे लागते, आणि तीही दिवसाच्या उजेडातच पाहता येते. २०२० मध्ये १७ मार्चपासून २१ सप्टेंबरपर्यंत ताज साथीमुळे बंद होता, तेव्हा पौर्णिमेच्या सहा रात्री आतमध्ये एकही पर्यटक नव्हता.

सध्याच्या नियमांनुसार कोजागिरी शुक्रवारी आली की पाचांतली नेमकी तीच रात्र वगळली जाते. त्या रात्री ताजगंजमधल्या हॉटेलांच्या गच्च्यांवरून दिसेल तेवढाच ताज पर्यटकांच्या वाट्याला येतो.